आसूढाळ घोडीचं खोगीर

मित्रांनो, मी एक जुनं खोगीर आहे. जुनं म्हणालो, मोडकं म्हणालो नाही, हे आधी नीट ऐकून घ्या. माझं कातडं काळवंडलंय, डाव्या बाजूची शिवण उसवून पुन्हा घातलेली आहे, पण आजही सकाळी मला खुंटीवरून काढतात आणि घोडीच्या पाठीवर चढवतात. अडगळीत पडून उसासे टाकणाऱ्यांतला मी नव्हे.

आणखी एक. तुमचे मास्तर निबंधावर 'खोगीरभरती' असा शेरा मारतात ना? म्हणजे उगाच कोंबलेला फुकटचा मजकूर. हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्याने कुणी तो काढला, त्याने खोगीर भरताना कधी पाहिलंच नसणार. अहो, माझ्या पोटातली भरती बिघडली म्हणून एका बाईचं मनगट मुरगळलं आणि एक भली घोडी वीटभट्टीच्या वाटेला लागली होती. भरतीला नावं ठेवायची तर आधी ही हकीकत ऐका, मग ठेवा.

माझा जन्म १९४० साली सांगलीत झाला. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर हाफिजभाईंचं दुकान होतं. बैलांचे पट्टे, मोटेचं चामडं असं सगळं ते शिवायचे, पण त्यांचं मन रमायचं ते खोगिरात. माझा सांगाडा त्यांनी बाभळीच्या लाकडाचा केला आणि त्यावर चांगलं कमावलेलं कातडं ताणून बसवलं. पण माझं पोट भरलं ते त्यांच्या बायकोने, चांदबींनी. आटपाडीकडच्या धनगरांची लोकर आणून त्या पिंजायला बसत, आणि पिंजताना डोळे मिटून घेत. कुसळ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसतं, असं त्यांचं म्हणणं. तीन दिवस त्या लोकर चाचपत होत्या. कुठे गोखरू निघालं की बाजूला, कुठे काडी निघाली की बाजूला.

माझं पोट शिवून झालं तेव्हा चांदबींनी मला ओंडक्यावर ठेवलं, माझ्याखाली आपला तळहात सरकवला आणि नवऱ्याला वर बसायला सांगितलं. हाफिजभाई काही हलके नव्हते. चांदबींचा हात खाली चेंगरत होता, तरी त्यांनी तो सावकाश पुढून मागे फिरवला. ओझं आल्याशिवाय खोगीर खरं बोलत नाही, असं त्या म्हणायच्या. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरलो नव्हतो, पण ज्यांनी लक्षात ठेवायचं त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

मला घ्यायला आले ते लालासाहेब. आटपाडीच्या पुढे, माणगंगेच्या काठच्या एका गावचे. पहिल्या महायुद्धात ते घोडदळातून बसऱ्याला गेले होते आणि एक पाय जरा आखडून परत आले होते. बाकीची गिऱ्हाइकं माझी नक्षी बघत, लालासाहेबांनी मला आधी उलटं केलं. हाफिजभाई खूश झाले. म्हणाले, "लालासाहेब, वरचं कातडं धन्यासाठी असतं, खालची भरती घोड्यासाठी. घोड्याच्या पाठीवर मोहरीएवढा खडा आला तरी त्याला तो डोंगर होतो."

लालासाहेबांना खोगीर स्वतःसाठी नको होतं. ते हवं होतं सुनेसाठी, आणि याच गोष्टीवरून अर्धं गाव तोंडाला पदर लावून हसत होतं. त्यांची सून साळूबाई ही सुईण. दवाखान्यात राहून रीतसर शिकून आलेली. हात असा हलका की अडलेल्या बाया तिचं नाव घेऊन धीर धरायच्या. पण तो मुलूख पडला माळाचा. एक वाडी इथे, तर दुसरी तीन कोसांवर. साळूबाई पायी पोचेपर्यंत पोर जन्मून बारसंसुद्धा व्हायचं, आणि कधी कधी, मित्रांनो, बारशाला कुणी उरायचं नाही. दोनदा असं झालं तेव्हा लालासाहेब म्हणाले, बास, आता सूनबाई घोड्यावर बसणार. तिचा नवरा, म्हणजे लालासाहेबांचा मुलगा कृष्णात, पलटणीत होता. त्याने पत्रातून कळवलं की आबांनी शिकवलं तर माझी काही हरकत नाही.

मग आली भिंगरी. लालासाहेबांनी तिला थेट साताऱ्याकडच्या खंडाळ्याहून आणली. तिथे खंबाटकीच्या घाटात ती टांगा ओढायची. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि चाल अशी की वर बसून ताक प्यावं, थेंब सांडू नये. एवढी गुणाची घोडी टांगेवाल्याने सोडली कशी? तर तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. आपल्याकडे घोडा घेताना लोक दाताआधी भोवरे बघतात. गळ्यावरचा भोवरा शुभ, आणि डोळ्याखालचा तो आसूढाळ. म्हणजे धन्याच्या घरी आसवं ढाळायला लावणारा. अशी घोडी कुणी दारात बांधत नाही.

लालासाहेबांनी या गोष्टी कधी मानल्या नाहीत. रिसाल्यात शेकडो घोडी होती, भोवरे बघत बसलो असतो तर लढाई आमच्याशिवायच आटोपली असती, असं ते म्हणायचे. पण त्यांची बायको मनुबाई घोडी बघताच उंबऱ्यातच थबकली. तिचा एकुलता एक मुलगा लढाईवर, आणि नवऱ्याने दारात आसूढाळ आणून बांधली.  तिने भिंगरीला कधी हात लावला नाही. वैरणसुद्धा लांबून टाकायची.

तर अशा त्या घरात मी भिंगरीच्या पाठीवर चढलो आणि साळूबाई माझ्यावर. मी दोघींच्या मधे. भिंगरीच्या पाठीची थरथर मला खालून कळायची आणि साळूबाईच्या मांड्यांतली भीती वरून. पहिला महिनाभर दोन्हीकडून नुसती थरथरच.

लालासाहेब ओसरीवरून शिकवत. घोडा हा जातीचा भित्रा, हे आधी समजून घे, असं ते सांगत. त्याला शिंगं नाहीत, नख्या नाहीत. भ्यायला की पळायचं, आणि पळता येईना की लाथ, एवढीच त्याची विद्या. त्याला ऐन पाठीमागचं दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप जायचं नाही, आधी हाक द्यायची आणि मग हात लावायचा. चढायचं नेहमी डावीकडून. कान पुढे असले तर तो ऐकतोय, एक कान मागे वळला तर तो तुला विचारतोय, आणि दोन्ही कान मानेला चिकटले तर तुझंच काहीतरी चुकलंय, उतर आणि बघ.

तंगाचा धडा तर मला तोंडपाठ आहे. तंग म्हणजे मला घोड्याच्या पोटाशी आवळून धरणारा पट्टा. भिंगरी भारी हुशार. तंग आवळायला लागलं की ती पोटात वारा भरून घ्यायची. माणसाला वाटायचं पक्का बसला. दहा पावलं गेली की बाई वारा सोडायच्या आणि मी धन्यासकट तिच्या पोटाखाली! म्हणून तंग दोनदा आवळायचा. एकदा लावताना, आणि दहा पावलं चालवून पुन्हा एकदा. रिकिबीत, म्हणजे पायाच्या लोखंडी कडीत, नुसता चवडा घालायचा, सगळा पाय आत सारायचा नाही. आणि लगाम मनगटाला गुंडाळायचा नाही, घोडं ओढायला लागलं तरी. साळूबाई हे सगळं मुकाट्याने ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी बिनचूक करून दाखवायची.

सहा महिन्यांत तिच्या मांड्यांतली भीती गेली. मला आधी कळलं, तिला नंतर. त्यानंतरची तीन वर्षं आमची वट होती म्हणा ना. माळावर धुरळा दिसला की वाडीवरच्या बाया म्हणायच्या, आली साळूबाई. हसणारं गाव गप्प झालं. पुढे तर ज्याने जास्त टिंगल केली होती, त्याचीच लेक अडली आणि तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. साळूबाईने त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. मी असतो तर चांगले चार सुनावले असते.

आता दुखऱ्या भागाकडे येतो.

१९४३ चा पावसाळा संपला आणि कृष्णातची पत्रं यायची थांबली. त्याची पलटण इटलीत गेली होती. मनुबाई रोज डाकवाल्याची वाट बघत बसायची, आणि तिची नजर जायची ती गोठ्यात बांधलेल्या भिंगरीच्या डाव्या डोळ्याखाली. शेवटी तिने एका देवऋष्याला गाठलं. त्याने तांब्याचा एक चौकोनी ताईत दिला आणि सांगितलं की आसूढाळ घोडीच्या अंगावर हा राहू दे, म्हणजे भोवऱ्याची बाधा मुलाला व्हायची नाही. पण घोडीच्या गळ्यात बांधला तर लालासाहेब बघणार, बघितला की फेकणार. म्हणून एका दुपारी घरात कुणी नसताना मनुबाईने मला खुंटीवरून उतरवलं, पुढच्या बाजूची शिवण चार बोटं उसवली, ताईत लोकरीत खोल दाबला आणि शिवण पुन्हा घातली. टाके असे बारीक की हाफिजभाईंनीसुद्धा शाबास म्हणावं. शिवताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझ्या कातडीवर पडलेले ते थेंब मला आजही आठवतात, म्हणून मला तिच्यावर कधी धड रागावताच आलं नाही.

आठ-पंधरा दिवस काही झालं नाही. पण लोकर दबते, मित्रांनो, आणि धातू दबत नाही. तो ताईत तसूतसूने खाली सरकला. एक कोपरा उलटून माझ्या अस्तराला येऊन टेकला. माळ चढताना साळूबाईचं वजन मागे असायचं, तेव्हा काही नाही. उतार लागला की वजन पुढे यायचं आणि तो कोपरा भिंगरीच्या पाठीत रुतायचा. वजन उतरलं की पुन्हा आत. म्हणून हात फिरवून बघितलं तर माझं अस्तर मऊ आणि तिच्या पाठीवर जखमही नाही.

भिंगरीने सांगायचं तेवढं सांगितलं. आधी मला बघून कान पाडले. मग शेपूट आपटली. मग दात वाजवले. साळूबाईने घोंगडी झटकली, तंग तपासला, खुरं उचलून पाहिली. लालासाहेबांचा गुडघा त्या दिवसांत सुजला होता, ते बाजेवरूनच विचारत होते आणि ती सगळं ठीक आहे म्हणत होती. पण उतार आला की भिंगरी उसळायची. लोक म्हणाले, खोड लागली. मग म्हणाले, खोड कसली, आसूढाळ आहे, आज ना उद्या रंग दाखवणारच होती. रोग हाल्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं. आणि मी? मी ओरडून सांगत होतो की अरे, माझं पोट फाडा! पण खोगिराचं ओरडणं म्हणजे नुसती करकर. साळूबाईने माझ्या कातड्याला तेल लावलं. मला त्या तेलाची लाज वाटली.

शेवटी लालासाहेबांचाही धीर सुटला. सून हाडं मोडून घेईल या भीतीने त्यांनी घोडी काढायची ठरवली. आसूढाळ आणि वर उधळणारी घोडी कोण घेणार? वीटभट्टीवाला बिराप्पा तेवढा तयार झाला. भट्टीवर गेलेलं जनावर परत आलेलं कुणी बघितलं नव्हतं. बिराप्पा मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी तिला न्यायला येणार होता.

त्याच गुरुवारी सकाळी धनगरवाडीचा धुळा धापा टाकत आला. त्याची बायको पहाटेपासून अडली होती. पायी जायचं तर दुपार होणार. लालासाहेब काही बोलायच्या आत साळूबाईने मला चढवलं, तंग एकदा आवळला, दहा पावलं चालवून पुन्हा आवळला आणि निघाली. वेशीबाहेर ओढ्याचा उतार आहे. उतार लागला, वजन पुढे आलं, ताईताचा कोपरा रुतला. भिंगरी अशी उसळली की साळूबाई फेकली गेली.

पाय रिकिबीत अडकला असता तर ती ओढ्याच्या दगडांवरून फरफटली असती. पण आत नुसता चवडा होता, तो आपसूक सुटला. लगाम मनगटाला नव्हता, तोही सुटला. ती एका अंगावर पडली आणि उजवं मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. तीन वर्षांचे धडे त्या एका क्षणाला कामी आले. ते धडे देणाऱ्याला मी तेव्हाच मनोमन मुजरा केला.

बघता बघता वेशीवर लोक जमले. लालासाहेब काठी टेकत आले, मागून मनुबाई. जो तो भिंगरीला शिव्या घालत होता.  एकटी साळूबाई मातीत बसून घोडीकडे बघत होती. भिंगरी पळाली नव्हती. दहा हातांवर उभी राहून थरथरत होती आणि मान वळवून चावायला बघत होती. साळूबाईला नव्हे, कुणा माणसाला नव्हे. मला.

साळूबाई उठली. भिंगरीला हाक दिली, डावीकडून गेली, एका हाताने तंग सोडला आणि मला जमिनीवर ढकललं. मग मागोमाग आलेल्या धुळ्याच्या खांद्यावरची घोंगडी ओढून तिने घोडीच्या पाठीवर टाकली. लालासाहेबांनी लगाम धरला. उघड्या पाठीवर, मुरगळल्या हाताने, या घोडीवर? ते नाही म्हणाले.

साळूबाई म्हणाली, "मामंजी, घोडं खोटं बोलत न्हाई, हे तुमीच शिकवलंय. ती मला न्हाई टाकत. तिला हे टोचतंय. काय ते मला ठावं न्हाई, पर तिकडं ती बाई अडलीय."

लालासाहेबांनी सुनेकडे बघितलं, मग घोडीच्या कानांकडे. कान पुढे होते. त्यांनी लगाम सोडला, दोन्ही हातांची ओंजळ करून सुनेच्या पायाखाली धरली आणि तिला वर चढवलं. ओढ्याचा उतार भिंगरी अशी उतरली की घोंगडीची दशीसुद्धा हलली नाही. लोक तोंडात बोट घालून बघत राहिले आणि हळूहळू पांगले. लालासाहेब वेशीच्या दगडावर वाट बघत बसले.

मी मातीत पोटावर पडलो होतो. माझ्याजवळ कुणी येईना. आली ती मनुबाई. मला घरी न्यायला म्हणून तिने वाकून एक हात माझ्याखाली घातला आणि दुसऱ्या हाताने माझ्यावर भार देऊन उठायला गेली. गुडघे धरलेले, सगळा भार माझ्यावर आला. ओझं आल्याशिवाय खोगीर खरं बोलत नाही. मी त्या दिवशी खरं बोललो. ताईताचा कोपरा अस्तरातून निघाला आणि तिच्या तळहातात घुसला.

तिने हात बाहेर काढला. रक्ताचा टपोरा थेंब. ती त्या थेंबाकडे किती वेळ बघत राहिली म्हणून सांगू! तिला सगळं कळलं होतं. आता विचार करा. तिने गुपचूप बसायचं ठरवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. दुपारी बिराप्पा येणार, दारातली आसूढाळ कायमची जाणार. तीन वर्षं ती देवाकडे हेच मागत होती, आणि आता ते न मागता मिळत होतं. तिने मला उचललं आणि छातीशी धरून घरी नेलं.  ती काय करणार, ते मलाही कळत नव्हतं.

दुपारी साळूबाई परत आली. धुळ्याला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. त्याच वेळी बिराप्पा दोर घेऊन अंगणात उभा. साळूबाई घोडी देणार नाही म्हणत होती, बिराप्पा दिलेल्या शब्दाची आठवण करून देत होता, आणि लालासाहेब दोघांच्या मधे अडकले होते. एवढ्यात मनुबाई मला घेऊन बाहेर आली. अंगणात मला उलटं टाकलं, खुरप्याने माझं पोट टरकन फाडलं आणि लोकरीतून हिरवा पडलेला ताईत काढून सगळ्यांसमोर धरला.

"भोवऱ्याला बोल लावू नका," ती म्हणाली. "ह्यो म्या शिवला हुता. पोराच्या जिवाला भिऊन शिवला. घोडीचा दोष न्हाई, माझा हाय."

 लालासाहेब आता कडाडणार असं मला वाटलं. पण ते माझ्याजवळ खाली बसले, फाटक्या अस्तरावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "निम्मं माझं बी हाय. जनमभर घोड्यावर बसलो, आन् ह्याच्याखाली हात घालून वर कुणाला बसवून बघितलं न्हाई." बिराप्पाने दोर गुंडाळला आणि बिचारा आल्या पावली निघून गेला.

साळूबाई सासूजवळ गेली. एका शब्दाने विचारलं नाही की का केलंत. म्हणाली, "आत्याबाई, हात दावा." तिचं स्वतःचं मनगट सुजून भोपळा झालं होतं. डाव्या हाताने आणि दातांनी चिंधी फाडून तिने सासूचा तळहात बांधला. तेव्हा मात्र मनुबाईचा बांध फुटला.

पुढच्याच आठवड्यात मला सांगलीला नेलं. मनुबाई हट्टाने बरोबर आली. माझं फाटलेलं पोट बघून हाफिजभाईंनी कपाळाला हात लावला. चांदबींनी मात्र जुनी लोकर काढली आणि नवी पिंजायला घेतली. मनुबाई बाजूला बसून बघत होती. थोड्या वेळाने तिनेही डोळे मिटले आणि लोकर चाचपायला घेतली. शेवटी चांदबींनी तो ताईत चिंचेने घासून लखलखीत केला, दोऱ्यात ओवला आणि तिच्या हातात दिला. म्हणाल्या, "मनुबाई, मुलाची काळजी तुमची आहे ना? मग ती तुमच्या गळ्यात शोभेल. मुक्या जनावराच्या पाठीवर कशाला?" मनुबाईने मान पुढे केली आणि चांदबींनी तो तिच्या गळ्यात बांधला.

होळीच्या सुमाराला कृष्णातचं पत्र आलं. पायाला गोळी लागून तो दवाखान्यात होता, म्हणून पत्रं थांबली होती. मनुबाई म्हणते ताईत पावला, लालासाहेब म्हणतात डाक उशिरा आली. त्या वादात मी पडत नाही. लढाई संपल्यावर तो घरी आला, बापासारखाच एक पाय जरा आखडून. बापलेक ओसरीवर बसले की ओळखू येत नाही कोण कुठल्या लढाईतला.

मित्रांनो, म्हातारा झालो म्हणून दोन शब्द सांगायचा हक्क मला आहे. जनावर एकाएकी बिघडत नाही. ते बिघडलं असं वाटलं तर त्याच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका, त्याच्या पाठीवर आपण काय ठेवलंय ते आधी बघा. आणि वरवर बघू नका. ओझं ठेवून बघा, हात चेंगरला तरी चालेल.

आता हे १९४९ साल. भिंगरी थकली, ती गोठ्यात आरामात असते आणि मनुबाईच्या हातून गूळ खाते. तिची शिंगी, म्हणजे तिची लेक, तीन वर्षांची झाली आहे. रंग आईचा, कपाळावरचा टिळा आईचा, आणि डाव्या डोळ्याखाली अगदी तस्साच भोवरा. गावातले लोक अजून बघतात आणि कुजबुजतात. लोकांचं काय घेऊन बसलात!

काल तिच्या पाठीवर मला पहिल्यांदा चढवलं. नव्या घोडीची पहिली स्वारी, साळूबाईशिवाय कोण करणार? ती पुढे झाली तशी मनुबाईने तिला थांबवलं. आधी कृष्णातला माझ्यावर ओणवं होऊन सगळा भार टाकायला लावलं. मग शिंगीला हाक देऊन ती डावीकडून आली, माझ्याखाली तळहात सरकवला आणि डोळे मिटून तो सावकाश पुढून मागे फिरवला. ती वाकली तेव्हा तिच्या गळ्यातला ताईत माझ्या कातड्यावर टकटक वाजत होता. तिच्या तळहातावरचा तो जुना वण माझ्या अस्तराला लागला आणि मी ओळखला. मग तिने हात काढून घेतला, शिंगीच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावरून बोट फिरवलं आणि सुनेला म्हणाली,

"चढ पोरी. बघितलंय मी."

साळूबाई चढली. दहा पावलांवर शिंगीने आईसारखाच पोटातला वारा सोडला आणि मी जरासा सैल झालो. तशी मनुबाईच पुढे आली आणि तिने तंग एक भोक वर ओढला.